लुगडं नेसलेलं इमान

मी आधीच सांगून ठेवतो, मस्टँग घे म्हणून मी मोतीभाऊले हात जोडून सांगितलं होतं. ऐकलं नाही. ऐकलं असतं तर विमान निदान उडलं तरी असतं, आणि मी आज असं तोंड पाडून तुमच्यापुढे बसलो नसतो.

मोतीभाऊ म्हणजे मोतीलाल सोनकुसरे, आमच्या आंधळगावचा. घरी पिढीजात कोसाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग, पण हा माणूस पस्तीस वर्षं वरठीच्या कारखान्यात फिटर होता. आधी सायकलनं, मग मोटारसायकलनं, रोज जाऊन येऊन. दारू नाही, खर्रा नाही, तोंडात शिवी नाही. राग मात्र नाकावर. माहा भी राग नाकावरच असते, म्हणून आमचं जमलं. मी गोपीचंद. बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तो मीच. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणून तो मले गोप्या म्हणते आणि मी त्याले मोतीभाऊ.

आमच्या गावात जुने लोक विमानाले इमान म्हणतात. आणि मोतीभाऊच्या घराले गावानं एकच नाव दिलं होतं, लुगडेइमानवाले. ते नाव माह्या बापानं ठेवलं.

झालं असं. मोतीभाऊचे वडील यादोराव सतराव्या वर्षी इंग्रजांच्या हवाई दलात भरती झाले होते. जगाची लढाई चालू होती. कोष्ट्याचा पोरगा, सुई आणि कापड हातातलं, म्हणून त्यायले विमानाच्या कापडाच्या कामावर घातलं. तिकडे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर हरिकेन नावाचं लढाऊ विमान होतं. पुढून पत्रा, आणि पाठीमागचं अर्धं धड पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं. गोळ्यांनी भोकं पडली की यादोराव ठिगळ लावत, वरून औषध मारून कापड ताठ करत, आणि विमान परत लढाईवर जाई. लढाई संपली, यादोराव गावात आले, मागावर बसले, आणि एका संध्याकाळी पारावर हे सगळं सांगून बसले.

माहा बाप, भय्याजी, तिथंच होता. यादोरावपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण जीभ अशी की मिरची बरी. तो म्हणाला, "कापडाचं इमान? मंग लुगडं नेसते का धोतर?"

झालं. सगळा पार हसला, आणि ते हसणं पन्नास वर्षं थांबलं नाही. यादोराव बाजारात निघाले की कोणीतरी विचारणारच, "का जी, लुगडं नेसवायले चालले का?" लग्नाच्या पंगतीत तेच, मयतीच्या गर्दीत तेच. एकदा शाळेच्या मास्तरनं पंधरा ऑगस्टले त्यायले भाषणाले बोलावलं. बिचारे कोसाचा फेटा बांधून आले. "विमानाले कापड असते" एवढं म्हणाले, आणि मागून माह्या बापानं आवाज टाकला, "लुगडं का धोतर?" पोट्टे असे हसले की मास्तरले घंटी वाजवा लागली. यादोराव त्या दिवसापासून लढाईबद्दल बोललेच नाही. मेले तवा गावाच्या लेखी ते गप्पाडे होते, बस.

हे मोतीभाऊनं मले दुकानात बसून सांगितलं, रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या महिन्यात. तो त्या पंधरा ऑगस्टले सातवीत होता, पोरांच्या रांगेत बसला होता.

"मी भी हसलो, गोप्या," तो म्हणाला. "सगळे हसून राहिले होते, मी भी हसलो. बाबानं मले पाहिलं."

मी म्हणालो, "मोतीभाऊ, जाऊ दे ना. पन्नास वर्षं झाली."

"पारावर हसणारे सगळे मेले. एक तुहा बाप राहिला. त्यानं एकदा म्हणावं, यादोराव खरा होता. बस, एवढंच पाहिजे मले."

मी म्हणालो, हात्तिच्या, यात का आहे! दोन मिनिटांत कॉम्प्युटरवर हरिकेनचे फोटो काढले, रंगीत प्रिंट मारले, घरी जाऊन माह्या बाबांच्या हातात ठेवले. बाबा पंच्याण्णव वर्षांचे. डोळ्यांतला उजेड गेलेला, पण बोटं अजून जिवंत. कोसाचं कापड नुसतं चिमटीत धरून सांगतील, यात किती भेसळ आहे, ताणा कोणाचा, बाणा कोणाचा. फोटोत का आहे ते मी सांगितलं, त्यायनं कागद चाचपला आणि बाजूले ठेवला.

"फोटोत आजकाल काहीही बनवतात. कापड असन तर हातात आणून द्या, मंग बोलतो."

बस, इथून ते विमानाचं खूळ सुरू झालं. तुम्हाले वाटन रिटायर माणसाले खेळणं पाहिजे होतं. अजिबात नाही.

रोज सकाळी अकरा वाजता तो दुकानात यायचा आणि आम्ही रिमोटच्या मोठ्या लढाऊ विमानांचे किट पाहत बसायचो. गिऱ्हाईक सातबाऱ्याले उभं, आणि आम्ही पंखांची लांबी मोजून राहिलो. कौशल्यावहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, फंडाच्या पैशातून साठ हजार बाजूले काढून दिले होते. वहिनी अजून घरी माग चालवते, हिशोबाची पक्की. "साठच्या वर एक रुपया मागितला तर तुमच्या इमानात बसवून तुम्हालेच उडवीन," असं तिनं माह्या समोर सांगितलं होतं.

साठ हजारात तीन गोष्टी दिसत होत्या. एक थर्माकोलचं हरिकेन, चार फुटी, पंधरा हजारांत. मोतीभाऊनं फोटो पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "थर्माकोलचं गणपतीचं मखर असते बे. आणि एवढुश्या विमानावर कापड ताणलं तर दोन पट्ट्यांच्या मधात तुह्या बापाचं बोट तरी बसन का?" मोठं विमान काहून पाहिजे, हे मले तवा समजलं. ज्याले दाखवायचं होतं त्याले दिसत नव्हतं. पट्टी बोटाले लागली पाहिजे, शिवण लागली पाहिजे, मधातलं कापड दाबलं की दबलं पाहिजे.

दुसरं होतं नागपूरच्या एका हौशी माणसाचं मस्टँग, हे भी त्याच लढाईतलं विमान. सात फूट पंख, तयार, मोटर, बॅटरी, रिमोट सगळं सोबत. पेटी उघडा, पंख लावा, उडवा. वापरलेलं होतं, पण चकाचक. अठ्ठावन्न हजार. माहा जीव त्याच्यावर बसला.

तिसरं हरिकेनचं लाकडी किट. आठ फूट पंख, पण किट म्हणजे का, तर एक पेटी. पेटीत नकाशा, कापलेल्या फासळ्या, हलक्या लाकडाच्या पट्ट्या, आणि डोक्यावरची काच. इंजिन नाही, चाक नाही, रिमोट नाही, आणि अंगावर कपडा नाही. बत्तीस हजार फक्त त्या काड्यांचे. जुनं पेट्रोल इंजिन आणि बाकीचं सामान शोधून शोधून आणलं तर कसंबसं साठात बसन. बांधायले एक वर्ष.

मी भडकलो. "मोतीभाऊ, डोकं आहे का खोकं? बाबा पंच्याण्णवचे आहेत. वर्षभर टिकतीन याची गॅरंटी कोण देते? मस्टँग पुढच्या आठवड्यात उडते. साऱ्या गावाले दाखव, बाबांले खुर्चीवर आणून बसव, आवाज ऐकव. लोक टाळ्या वाजवतीन, झालं तुहं काम."

"खऱ्या मस्टँगले अंगभर पत्रा असते. आणि हे वरून प्लास्टिकनं मढवलेलं आहे. प्लास्टिक दाखवून माहा बाप खरा कसा होईन, सांग ना?"

"अरे, कोण पाहते?"

"हेच तर पन्नास वर्षं झालं. कोणी पाहिलंच नाही."

पाच दिवस भांडण चाललं. सहाव्या दिवशी त्यानं हरिकेनचे पैसे भरले. पेटी आली तवा वहिनीनं काड्या पाहून डोक्याले हात लावला. "बत्तीस हजाराच्या दातकाड्या," म्हणाली.

पण माणसाचा हात काय होता! ओसरीत लांब पाट टाकून एकेक फासळी चिकटवली. फिटरच तो, सुताइतकं इकडचं तिकडं झालं तर उखडून परत करे. पावसाळ्याआधी पूर्ण सांगाडा उभा राहिला, आणि खरं सांगतो, मीच पाहत राहिलो. वहिनीनं तोवर मागावर पाच मीटर कोसा विणला. खास पातळ, ठोका घट्ट. तोंडानं बडबड चालू आणि हातानं विणणं चालू.

आणि मग मोतीभाऊनं ती चूक केली, जी कोष्ट्याचं पोरगंच करू शकते. विमानाच्या कापडाले वरून लॅकर मारायचं असते, नकाशाच्या कागदावर साफ लिहिलं होतं, मी वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, कापड ताठ करायले कोष्ट्याले दुकानातलं औषध कायले पाहिजे? आमच्या घरी ताण्याले तांदळाची खळ लावतात, तीच लावीन. भात शिजवला, पेज घोटली, कुंच्यानं कापडावर मारली. वाळल्यावर कापड असं ताठ झालं की टिचकी मारली तर डफावानी वाजे. आणि हातानं चाचपलं तर कोसाच. आंधळ्यालेही समजन. म्हणाला, गोप्या, पोळ्याच्या दिवशी काकाजीले घेऊन ये.

पोळ्याच्या चार दिवस आधी उंदरांनी विमान खाल्लं. खळ तांदळाची, घर धानाच्या कणगीचं, उंदरांले आमंत्रणच. मोतीभाऊ सकाळी उठून पाहते तर मागच्या धडाचे चिंधोटे. शत्रूच्या गोळीनं नाही पडलं, उंदरांनी पाडलं. बाबांले हे कळलं तवा ते खाटेवर पडल्या पडल्या असे हसले की ठसका लागला. "लुगडं उंदरानं खाल्लं म्हण!" दोन दिवसांत साऱ्या गावात तेच. मीच घरी सांगितलं होतं, आता कोणाले शिव्या देऊ?

मोतीभाऊ महिनाभर दुकानात आला नाही. मग वहिनीनं परत पाच मीटर विणलं. तिले कोणी म्हटलं नव्हतं. या बारी त्यानं भंडाऱ्याहून फर्निचरचं लॅकर आणलं, वरून पाच हात मारले, प्रत्येक हात वाळू देऊन, घासून. कापड आखडलं, ताणलं, आरशावानी गुळगुळीत झालं. वर हिरवा-करडा रंग, बाजूले गोल चिन्ह. हुबेहूब. इंजिन चालू केलं तवा ओसरीतल्या कोंबड्या भिंतीवरून उडून गेल्या. माघ लागला होता, धान निघून बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. नागपूरचा तोच मस्टँगवाला येऊन रविवारी उडवून देतो म्हणाला.

शनिवारी दुपारी मी बाबांले ऑटोत बसवून मोतीभाऊच्या घरी आणलं. उडायच्या आधी हात लावून पाहा, असं त्याचं म्हणणं होतं. ओसरीत विमान दोन स्टुलांवर ठेवलेलं. मोतीभाऊनं धुतलेला सदरा घातला होता. वहिनी दाराच्या चौकटीले टेकून उभी.

"काकाजी, हे पाहा," मोतीभाऊ म्हणाला, आणि बाबांचा हात धरून मागच्या धडावर ठेवला.

बाबांनी चाचपलं. पुढून मागं, मागून पुढं. नखानं खरवडलं.

"प्लास्टिक आहे," बाबा म्हणाले.

"प्लास्टिक नाही, काकाजी. कोसा आहे. हिनं विणलेला."

"मले कोसा शिकवते का बे? ऐंशी वर्षं कापड हातात धरलं. प्लास्टिक आहे. तुह्या बापानं लुगडं सांगितलं, तू प्लास्टिक आणलं. चल गोपी, घरी चल."

त्यायच्या बोटांले खरंच प्लास्टिक लागलं, का त्या दिवशी भी ते खोटंच बोलले, हे मले आजवर समजलं नाही. लॅकरचे पाच हात होते, कोणाले भी प्लास्टिकच लागलं असतं. खळीचं विमान उंदरानं खाल्लं नसतं तर! पण आता ते बोलून काय फायदा.

मोतीभाऊनं खिडकीतलं कटर उचललं. मले वाटलं, कुठं तरी रंग खरवडून दाखवीन. त्यानं धडाच्या बाजूले पातं घातलं आणि हातभर सरळ चिरत नेलं. गोल चिन्हाच्या मधातून. वहिनीच्या तोंडातून "अगंगं" निघालं. मी धावलो तवा उशीर झाला होता. त्यानं चिरलेली कड आतून उलटी केली, आतलं कापड कोरंच होतं, आणि बाबांचा हात त्या भोकात घातला.

"आता पाहा."

बाबांनी आतून कापड धरलं. चिमटीत चोळलं. कडेचा एक धागा ओढला, बोटांवर फिरवला, ओठांले लावला. जुने कोष्टी लावतात तसा.

"कोसा आहे," ते म्हणाले. मग परत चोळून, "ठोका कौशल्येचा आहे. कडक हात आहे तिचा."

"मंग सांगा, काकाजी. माहा बाप खोटा होता का?"

"नाही."

मोतीभाऊ खाली बसला. तोंडावर हात घेतला. मले वाटलं, चला बाप्पा, फाटलं तर फाटलं, माणूस जिंकला. आणि बाबा तो धागा फिरवता फिरवता बोलत राहिले, जसं बाजारभाव सांगून राहिले असतीन.

"मले मालूमच होतं. यादोराव लढाईवरून आला तवा पहिले माह्याच घरी आला होता. इमानाच्या कापडाचा वीतभर तुकडा घेऊन. वरून लाल औषध मारलेलं, आतून कोरं. जवसाच्या झाडाचा धागा होता, आपल्या इकडे तसा विणत नाहीत. म्या हातात घेऊन पाहिला होता."

मग मोतीभाऊनं विचारलं, "मंग पारावर हसले काहून?"

"आम्ही दोघं संगं गेलो होतो नागपूरले भरतीले. माही छाती भरली नाही, मले वापस पाठवलं. तो गेला. वापस आला तर सारा पार त्याचंच ऐकून राहिला होता." बाबांनी खांदे उडवले. "पारावर एकदाच बोललो म्या. मंग लोकच बोलू लागले. लोकांच्या तोंडाले मी का करू?"

मोतीभाऊ उठला. राग नाही, आवाज नाही. एवढंच म्हणाला, "मी भी हसलो होतो, काकाजी. पण मले मालूम नव्हतं."

मी बाबांले ऑटोत घातलं. घरी नेऊन खाटेवर बसवलं, तर त्यायच्या बोटात तो धागा तसाच होता. चहा मागितला. मी दिला. माहा बाप आहे, का करता?

वहिनी दुसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन बसली होती. "ठिगळ लावून देते," म्हणाली, "मामंजी लावत होते तसं. उडन ते." ठिगळ लावलं असतं तर उडलं असतं, हे मलेही समजते. मोतीभाऊनं नागपूरवाल्याले फोन करून येऊ नको म्हटलं. "कोणाले दाखवायले उडवू?" म्हणाला. मले मात्र एक काम सांगितलं. "माह्या तोंडून गाव ऐकणार नाही. तू भय्याजीचा पोरगा आहे, तुह्या कानानं ऐकलं. तू सांग गावाले." मी "हाव, सांगतो" म्हणालो.

सांगणारच होतो. आज सांगू, उद्या सांगू. दुकानात लोक विचारत, "का बे, मोत्याचं इमान उडलं का नाही? का लुगडं फाटलं?" आणि खो खो हसत. मी झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरत राहायचो. बाप जिवंत आहे, म्हातारा आहे, एवढ्यात कायले त्याची इज्जत घालवू, मेल्यावर सांगीन, असं मनाले समजावलं.

बाबा चैत्रात गेले. तेराव्याले सारा गाव जेवला. सरपंचानं हात जोडून दोन शब्द सांगितले, की भय्याजी जिभेचे तिखट होते, पण त्यायच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही. लोकांनी माना हलवल्या. मोतीभाऊ समोरच पंगतीत बसला होता, पत्रावळीवर हात ठेवून. त्यानं माह्याकडे पाहिलं. मी माईकजवळच उभा होतो. मी भी हात जोडले आणि मान हलवली.

त्या दिवसापासून तो माह्या दुकानासमोरून जात नाही, मागच्या गल्लीनं जाते. विमान ओसरीतच आहे, भोक तसंच. पोट्टे त्या घराले आता फाटलेइमानवाले म्हणतात.

गावाले मी अजून सांगितलं नाही. तुम्ही आंधळगावचे नाही, म्हणून तुम्हाले सांगितलं.